धातू सोडून शब्द घोकणारे

इंग्रजी पक्की व्हावी म्हणून मुलाचे संस्कृत सोडवायचे, असा एक व्यवहार सांप्रत पेडणे-डिचोलीकडील आमच्या सुशिक्षित घरांतून होताना दिसतो. त्यापुढची पायरी म्हणजे संध्याकाळी मुलाला म्हापशाच्या एखाद्या शिकवणीला पोचवायचे, हजार ‘कठीण’ शब्दांची यादी त्याच्या हाती द्यायची आणि दर खेपेला त्यांतले पन्नास घोकून घ्यायचे. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या कठीण शब्दांपैकी बहुतेक लॅटिन कुळातले असतात. ‘मॅग्नॅनिमस’ हाच घ्या. यादी म्हणते, अर्थ ‘उदार’. पोर ते पाठ करते आणि परीक्षा संपताच विसरते. पण ‘मॅग्नस’ म्हणजे मोठा, तो आपल्या ‘महत्’चा सगोत्र, ‘अ‍ॅनिमस’ म्हणजे चित्त, तो ‘प्राण’ आणि ‘अनिल’ यांतील ‘अन्’ धातूचा भाऊबंद. दोन्ही जोडले की आपल्या ‘महात्मा’च्या पंक्तीला बसणारा शब्द तयार होतो. ‘सब्जुगेट’ म्हणजे जुवाखाली आणणे. त्यातले लॅटिन ‘युगुम’ म्हणजे संस्कृत ‘युग’, आणि पेडण्याच्या शेतकऱ्याच्या बैलांच्या मानेवरचे जू तेच. ‘कॉन्जुगल’, ‘जंक्शन’ ही सारी ‘युज्’ धातूच्याच घरातली मंडळी. ज्याला ‘युज्’ ठाऊक आहे त्याच्याकडून हे शब्द घोकून घेणे म्हणजे घरात विहीर असता पाणी विकत आणण्यासारखे आहे.

गोमंतकीयाला तर आणखी एक दार उघडे आहे आणि ते त्याच्या ओसरीवरच आहे. पहाटे पोदेर पाव घेऊन येतो. हा पाव पोर्तुगीजांमार्फत लॅटिन ‘पानिस’वरून आला, आणि ‘कंपॅनियन’ म्हणजे मुळात एका पावात वाटेकरी असणारा. आपली ‘जनेल’ लॅटिन ‘यानुआ’ म्हणजे दार या शब्दाची धाकटी लेक; इंग्रजी ‘जॅनिटर’, द्वारपाल, तिथलाच. माडावर चढणारा रेंदेर हा ‘रेंद’ भरणारा. तीच इंग्रजी ‘रेंट’, आणि तिच्या मुळाशी ‘परत देणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद. त्यातला देण्याचा धातू तोच, जो ‘दान’ शब्दात आहे. हे सांगायला शिकवणीची फी पडत नाही. आजोबांजवळ घटकाभर बसावे लागते.

पण गोष्ट केवळ शब्दांच्या मौजेची नाही. आम्ही वकिली करतो, म्हणून हे लिहिण्याचे प्रयोजन पडले. गोव्यात १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली. १९६१ नंतरही ती चालू राहिली, आणि वारसाहक्काचे तिचे प्रकरण २०१२ च्या गोव्याच्या कायद्याने इंग्रजीत आणले. शब्दांचे कूळ मात्र तेच राहिले. इंग्रजीत पारंगत म्हणवणारे पदवीधर आजीचे बक्षीसपत्र घेऊन कचेरीत येतात आणि ‘युजुफ्रक्ट’ या शब्दापाशी अडतात. ‘उसुस’ म्हणजे वापर, ‘फ्रुक्तुस’ म्हणजे फळ. घर नातवाच्या नावे झाले तरी त्यात राहण्याचा आणि बागेचे नारळ घेण्याचा हक्क आजीने हयातभर राखून ठेवला आहे. एवढे न कळल्याने घर आपले झाले असे समजून नातू म्हातारीच्या हयातीतच गिऱ्हाईक शोधू लागतात. सामाईक मालमत्तेत पतिपत्नींचा अर्धा-अर्धा वाटा असतो, त्याला ‘मोयटी’ म्हणतात. मूळ ‘मेदिउस’, म्हणजे आपले ‘मध्य’. मधोमध केलेली वाटणी! विधवेच्या पदरी काय पडते हे ज्या एका शब्दात सांगितले आहे, तो तिच्या इंग्रजी शिकलेल्या मुलाला दोन कवडीचा वाटावा, यापरते दुर्दैव कोणते? ‘टेस्टामेंट’मधील ‘तेस्तिस’ म्हणजे साक्षीदार. व्युत्पत्तिकार त्याचा मूळ अर्थ ‘तिसरा उभा असलेला’ असा लावतात. ‘त्रि’ आणि ‘स्था’ शिकलेल्याला हे वेगळे समजवावे लागू नये.

लॅटिन ही पाद्र्यांची भाषा, तिच्याशी देवळाच्या माणसांना काय कर्तव्य, असे कोणी विचारतील. १६८४ मध्ये ज्या राजवटीने येथील लोकांना तीन वर्षांत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले, तिच्याविषयी आम्हांला यत्किंचितही प्रेम नाही. परंतु १९३३ चा देवस्थानांचा कायदा पोर्तुगीजमध्येच होता, आणि त्याच्या आधारे भांडायचे तर तो वाचावाच लागे. देवस्थानच्या नियमावलीला आपण अजून ‘कोंप्रोमिस’ म्हणतो. इंग्रजी ‘काँप्रमाइज’शी तिचे नाते काय आणि अर्थात फरक कुठे पडला, हे किती तरुण महाजनांना सांगता येईल?

याच्या उलट टोकाला दुसरा एक पंथ आहे. त्याला साम्य दिसले की पुरे. लॅटिन ही संस्कृतचीच कन्या, असा निकाल तो देऊन मोकळा होतो. या पंथाचा उपद्रव आम्हांला अधिक वाटतो, कारण तो आपल्या बाजूचा म्हणवतो. फादर स्टीफन्स या जेझुइटाने १५८३ मध्येच गोव्याहून आपल्या भावाला लिहिले की, येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. पुढे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचणारा तो हाच. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यास या तिन्ही भाषांचा उगम एक असावा आणि तो कदाचित आज उरलेला नसावा, असे प्रतिपादिले. म्हणजे ही नाती आई-लेकीची नव्हेत, बहिणींची. आणि सारखे दिसते ते सारे सगोत्र नसते. आम्ही कोर्टात रोज म्हणतो तो ‘लोकस स्टँडी’ पाहा. ‘लोकस’चा आपल्या ‘लोक’ शब्दाशी काही संबंध नाही, त्याचे जुने रूप ‘स्त्लोकुस’ होते. ‘स्टँडी’ मात्र खरोखरच ‘स्था’चा सोयरा. कोशात पाहिल्यावाचून नाते जुळवणाऱ्याला वर्गात उभे करू नये.

ज्या परीक्षांच्या भयाने ही घोकंपट्टी चालते, त्यांतल्या अमेरिकेच्या जी. आर. ई. ने सुट्या शब्दांचे विरुद्धार्थ विचारणे २०११ मध्येच बंद केले. आमच्या याद्या मात्र तशाच छापल्या जात आहेत. सुटीत देवळाच्या अग्रशाळेत मुलांना स्तोत्रे शिकवणारे अनेक गुरुजी आहेत. त्यांनी आठवड्यातून एकदा फळ्यावर एक धातू लिहावा, त्याखाली मुलांकडून संस्कृत, मराठी, कोंकणी आणि इंग्रजी शब्द गोळा करावेत, आणि जवळ एक चांगला व्युत्पत्तिकोश ठेवावा. आरंभ ‘दा’पासून करावा, रेंदेर सर्वांच्या ओळखीचा आहे.