गुलाबी साडी: चित्रपटाविना गाजलेले गाणे

'गुलाबी साडी' हे मराठी पॉप गाणे फेब्रुवारी 2024 मध्ये आले. शब्द, चाल आणि आवाज संजू राठोडचा, संगीतसंयोजन जी-स्पार्कचे. व्हिडिओत संजूबरोबर प्राजक्ता घाग. पाठीशी ना चित्रपट, ना मालिका. राठोड जळगाव जिल्ह्यातला, म्हणजे पुण्या-मुंबईच्या वर्तुळाबाहेरचा.

विषय एवढासाच: नटूनथटून आलेली तरुणी प्रियकराला आपला फोटो काढायला सांगते. गाण्याची खरी करामत इथेच आहे. नाचाच्या अवघड स्टेप्स शिकायला नकोत. साडी नेसावी, पदर सावरावा, कॅमेऱ्याकडे पाहावे, की रील तयार. ध्रुपद आखूड, ठेका सरळ, शब्द रोजच्या बोलण्यातले. त्यात काव्य शोधायला जाऊ नये. गाण्याचाही तसा दावा नाही.

चित्रपटाबाहेरचे मराठी गाणे याआधीही गाजले होते. वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचे 'ऐका दाजीबा' 2002 च्या सुमारास मिलिंद गुणाजी व इशिता अरुण यांच्या व्हिडिओमुळे घरोघरी पोचले. व्हिडिओच्या बळावर गाणे गाजवण्याची ही वाट ब्रिटिश न्यू वेव्ह पॉपने आधीच मळलेली. बगल्स या बँडचे 1979 चे 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' हे 1 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झालेल्या एमटीव्हीवरचे पहिले गाणे. मात्र काय दाखवायचे हे तेव्हा वाहिनी ठरवत असे. 'दाजीबा'नंतरची मराठी पॉपची लाटही ओसरली. सामंत यांचे पुढे गाजलेले 'कोंबडी पळाली' हे 'जत्रा' (2006) या चित्रपटातले, आणि अजय-अतुल यांनी तीच चाल 'अग्निपथ'साठी (2012) 'चिकनी चमेली' करून हिंदीत नेली.

आता वाहिनीचा उंबरठा उरलेला नाही. हैदराबादच्या कुकटपल्लीत, केपीएचबी कॉलनीत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी घराला पूर्वी नवी मराठी कॅसेट सुटीत गावाहून आणावी लागे. आज पुण्यात आलेले गाणे त्याच घटकेला तिथल्या फोनवर वाजते, आणि तेलुगू शेजाऱ्यालाही शब्दांवाचून ठेका कळतो.

राठोडचे 2025 चे 'शेकी' हे ईशा मालवीयसोबतचे गाणेही गाजले. तेव्हा 'गुलाबी साडी'ला नुसता योगायोग म्हणता येणार नाही. नटलेली नायिका आणि कौतुकाने पाहणारा नायक हा साचा मात्र त्याने आता मोडायला हवा.