चार मे, संध्याकाळचे सहा

भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, काटे बरोबर सहावर आणले आणि मागचा सेल काढून आईच्या हातात दिला. तिने तो पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. आता दुसऱ्या दिवसापर्यंत साताऱ्याच्या आमच्या घरात सहाच वाजलेले राहणार होते. भावाने घड्याळ अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याला टांगलं आणि पोरांनी एकच गलका केला, चहाची वेळ झाली! खरं तर तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते.

४ मेचा हा चहा आम्ही गेली तीन वर्षं करतो. भावाची दोन मुलं, गल्लीतली सात-आठ आणि सुट्टीला आजोळी आलेली आणखी चार, अशी पंगत जमते. तारीख आमच्या सोयीने काढलेली नाही, ती पुस्तकातून आली आहे. लुईस कॅरॉलच्या गोष्टीत चहाच्या टेबलाशी टोपीवाला ॲलिसला तारीख विचारतो आणि ती जरा आठवून चार सांगते. महिना मे आहे, हे आदल्या प्रकरणात येऊन गेलेलं असतं. आणि ज्या मुलीसाठी ही गोष्ट रचली गेली, त्या ॲलिस लिडेलचा जन्म ४ मे १८५२ चा. तिचा वाढदिवस गोष्टीच्या आत असा अलगद ठेवलेला आहे, हे मला कळलं त्या दिवशी मी फार हरखून गेले होते. ऑक्सफर्डच्या मुलीचा वाढदिवस नेमका आपल्या पोरांच्या भर सुट्टीत यावा, निकाल लागून गेलेले असताना, झाडावर कैऱ्या लगडलेल्या असताना!

त्याआधी एकदा भाचीच्या वाढदिवसालाही आम्ही ॲलिसचीच सजावट केली होती, म्हणजे करवून घेतली होती. पैसे मोजले, माणसं आली, दोन तासांत हॉलच्या भिंतीवर छापील फ्लेक्स, भोवती फुग्यांची कमान, खाली थर्माकोलचे पत्ते. दिसायला सुरेख होतं. पण आलेल्या प्रत्येक मुलाच्या कानावर पहिलं वाक्य पडलं ते ‘हात लावू नका’. फोटो झाले, केक कापून झाला आणि अर्ध्या तासात सगळी मुलं जिन्याखाली लपंडाव खेळायला पळाली. भाची तेवढी फ्लेक्ससमोर उभी होती. मला म्हणाली, “आत्या, हा ससा कोण आहे?”

तो प्रश्न मला फार लागला. ससा कोण हे ठाऊक नसलेल्या मुलीला आम्ही सशाच्या बिळाच्या तोंडाशी उभं करून तिचे फोटो काढले होते.

तेव्हापासून आधी गोष्ट. एप्रिलचा शेवटचा आठवडा, जेवणं झाली की दुपारी माजघरात चटया, खिडक्या लोटून घेतलेल्या, आणि मी वाचते किंवा सांगते. भा. रा. भागवतांनी ॲलिसला मराठीत आणताना तिची जाई केली, ‘जाईची नवलकहाणी’. मुलगी जाई झाली की ती आपल्याच गल्लीतली होते, हे मी दर वर्षी मुलांच्या चेहऱ्यांवर बघते. रोज एक-दोन प्रकरणं. कुणी मधेच झोपलं तर झोपू द्यायचं.

मुळात ही गोष्ट जन्मली तीही उन्हाळ्यातल्या एका दुपारीच. ४ जुलै १८६२. ऑक्सफर्डमधल्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारा तीस वर्षांचा चार्ल्स डॉजसन, त्याचा मित्र रॉबिन्सन डकवर्थ आणि लिडेल घरच्या तीन बहिणी. लॉरिना तेरा वर्षांची, ॲलिस दहाची, ईडिथ आठची. फॉली पुलापासून गॉडस्टो गावापर्यंत थेम्समधून होडी वल्हवत जायचं आणि काठावर बसून चहा प्यायचा, एवढाच बेत होता. मुलींनी गोष्ट मागितली, डॉजसनने सुचेल तशी सांगितली, आणि ॲलिसने ती लिहून द्या असा हट्ट धरला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १८६४ मध्ये, त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली आणि ३७ चित्रं स्वतः काढलेली वही तिला भेट दिली. लुईस कॅरॉल या टोपणनावाने, जॉन टेनियलच्या चित्रांसह पुस्तक छापून आलं ते १८६५ मध्ये. आणि मला सगळ्यांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की त्या वहीत टोपीवाल्याचा चहा नाहीच. आज जगभर ज्या चहाच्या नावाने टेबलं मांडली जातात, तो प्रसंग छापील पुस्तकासाठी मागाहून लिहिला गेला. गोष्ट आधी सांगून झाली, चहा नंतर आला.

होडीतली माणसंही त्याने गोष्टीत घेतली. डकवर्थचं बदक झालं, लॉरिनाचा लोरी पोपट, ईडिथचं गरुडाचं पिल्लू, आणि डॉजसन स्वतः डोडो. आम्हीही तसंच करतो. कोण कोण होणार हे वाचता वाचताच ठरत जातं. शेजारच्यांचं पाच वर्षांचं धाकटं पोर रोज दुसऱ्या पानाला माझ्या मांडीवर झोपायचं, तेव्हा चहाच्या टेबलावर झोपणारा उंदीर कोण, याची चर्चाच करावी लागली नाही.

सजावटीला लागतं ते सगळं घरातच निघतं. बिळासाठी माझ्या आजीची, म्हणजे या मुलांच्या पणजीची, दोन इरकली लुगडी ट्रंकेतून काढली. सोप्यापासून अंगणापर्यंत दोन दोऱ्या बांधल्या, लहान मुलाच्या डोक्यावर वीतभर उंचीच्या, आणि दोन्हीवर एकेक लुगडं सोडलं. वरून चादरी टाकल्या. नऊ वारांचं लुगडं, त्यामुळे बोगदा चांगला लांबलचक झाला. आत जुन्या कापडाचा, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि दुपारच्या उन्हात जांभळ्या लुगड्यातून गाळून आलेला उजेड. मोठ्यांना वाकूनच जावं लागतं. ॲलिस बिळातून खाली पडत असताना भिंतीच्या फळीवरची एक बरणी उचलते, चिठ्ठी मार्मालेडची असते आणि बरणी रिकामी निघते. खाली कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून ती जाता जाता एका कपाटात ठेवून देते. म्हणून आम्ही बोगद्यात दोन स्टुलं ठेवतो, एकावर ‘मोरांबा’ लिहिलेली रिकामी प्लॅस्टिकची बरणी, दुसरं मोकळं. यंदा एक सात वर्षांचा मुलगा आत शिरला, बरणी उचलली, झाकण काढून आत पाहिलं, आणि अगदी जपून, दोन्ही हातांनी, पुढच्या स्टुलावर ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. मी लुगड्याच्या पलीकडून बघत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

टेबल झाडाखालीच हवं, कारण पुस्तकात ते घरासमोर झाडाखाली आहे. दोन बाकं जोडून त्यांवर सतरंजी. प्रत्येकाने आपल्या घरून एक कपबशी आणायची, कप आणि बशी जोडीची नसली तरी चालेल, कपाचा कान तुटलेला असला तरी चालेल. टोपीवाल्याचं काळाशी भांडण झालेलं असतं, त्यामुळे त्यांच्याकडे कायमचे सहाच वाजलेले, सदा चहाचीच वेळ, भांडी विसळायला फुरसत नाही, म्हणून ते एकेक जागा पुढे सरकत राहतात. आम्ही ते सरकणं उचललं. चौदा जागा, प्रत्येक जागी वेगळा खाऊ. एका ठिकाणी भडंग, पुढे काकडी घातलेला लोणी-पाव, पुढे कलिंगडाच्या फोडी, नानकटाई, कैरीचा तक्कू, शेंगदाण्याचा लाडू. टोपीवाला झालेल्या भाचीने टाळी वाजवली की आपला कप हातात घेऊन सगळ्यांनी एक जागा सरकायचं. चहा मोठ्यांना, मुलांना पन्हं. पन्ह्याच्या बाटल्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या. ॲलिस बाटलीला तोंड लावण्याआधी ती विषाची नाही ना हे सगळीकडून बघून घेते, तेव्हा प्रत्येक मुलानेही बाटली फिरवून बघायची, हा नियम वहिनीने घातला. शहाणा नियम आहे, मला आवडला.

पण मुलांचा जीव अडकतो तो विहिरीपाशी. झोपाळू उंदीर तीन बहिणींची गोष्ट सांगतो, त्या काकवीच्या विहिरीच्या तळाशी राहतात आणि काकवीच खातात. त्या तीन बहिणींची नावं म्हणजे लिडेल बहिणींचीच नावं, अक्षरं फिरवून आणि वेष पालटून. ऑक्सफर्डजवळ बिन्झी गावात चर्चच्या आवारात अशी विहीर खरोखरच आहे. तिचं नाव ज्या शब्दावरून पडलं, त्याचा जुना अर्थ औषध असा होता आणि तिच्या पाण्याने रोगी बरे होतात अशी श्रद्धा होती. पुढे त्याच शब्दाचा अर्थ उसाचा पाक असा झाला आणि डॉजसनला विहीरभर पाक मिळाला. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग आपली काकवी चालेल की.”

आमच्याकडे माघात गुऱ्हाळावरून आणलेली काकवी असतेच. कोपऱ्यात विटांचे तुकडे गोल रचले, आत परातीत पाणी, पाण्यात पितळी गडू, गडूत काकवी. पाणी मुंग्यांसाठी. वर दोन काटक्या रोवून भावाने दोऱ्याच्या रिकाम्या रिळाचा राहाट केला आणि त्याला बाहुलीच्या भातुकलीतली बादली बांधली. बादली आत सोडायची, रीळ फिरवून वर ओढायची. काकवी घाई करत नाही. बादली वर आली तरी तिची तार गडूपासून सुटत नाही, उन्हात ती मधासारखी चमकते, बारीक होत जाते, आणि तुटली की गडूत एक क्षणभर तिची वेटोळी दिसते. बारा-चौदा मुलं श्वास रोखून ते बघत होती. मग चपातीची सुरळी त्या बादलीत बुडवायची. एका मुलीने विचारलं, त्या तिघी बहिणी अजून खाली आहेत का? आई म्हणाली, “आहेत, म्हणून तळाची थोडी ठेवायची.” गडूच्या तळाशी बोटभर काकवी शेवटपर्यंत राहिली.

राणीच्या बागेतले माळी चुकून लावलेले पांढरे गुलाब घाबरून लाल रंगवत बसतात, तो प्रसंग मुलांना फार आवडतो. मोगऱ्याला रंग लावायला आईने साफ नकार दिला. तेव्हा आदल्या रात्री निशिगंधाच्या दांड्या तिरप्या कापून खायच्या लाल रंगाच्या पाण्यात उभ्या केल्या. भाचा रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन बघून आला. सकाळी पाकळ्यांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या आणि बारीक शिरा उमटल्या होत्या. फुलाने रंग प्यायला, एवढंच तो दिवसभर प्रत्येकाला सांगत होता.

क्रोकेही झालं, छत्रीच्या वाकड्या दांड्याचे रोहित पक्षी, गुंडाळलेल्या मोज्यांचे साळिंदर, आणि ओणवी झालेली मुलं म्हणजे कमानी. कमानी मधेच उठून चालू लागतात, हे पुस्तकातही तसंच आहे.

अंधार पडला तशी मुलं एकेक करून गेली. झोपाळू उंदीर मात्र बाकावर बशीला गाल टेकून बसला होता. त्याची आई घ्यायला आली, म्हणाली, “चल रे, आठ वाजून गेले.” त्याने मान न उचलता झाडावरच्या घड्याळाकडे बोट केलं. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या शेजारच्या जागेवर बसली. वहिनीने पुन्हा आधण ठेवलं.