फासा पडल्यावर नियम बदलता येत नाही: एकट्याने खेळायच्या युद्धखेळाविषयी

#थ्रेड

१/
मे १९४२. जपानच्या संयुक्त आरमाराच्या 'यामातो' या ध्वजनौकेवर मिडवे बेटावरील नियोजित स्वारीची तालीम टेबलावर चालू होती. नकाशे, नौकांच्या खुणा, पंच आणि फासे. बेटावरून उडालेल्या अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू नौका गाठल्या, तर किती बॉम्ब लागतील, हे फाशाने ठरायचे होते. फासा पडला. नऊ बॉम्ब लागले आणि 'अकागी' व 'कागा' या दोन्ही नौका बुडाल्या, असा निकाल पंचाने दिला.

२/
आरमाराचे चीफ ऑफ स्टाफ माटोमे उगाकी यांनी तो निकाल तिथल्या तिथे फिरवला. नऊ नव्हे, तीनच बॉम्ब धरावेत. 'कागा' बुडाली, 'अकागी'चे किरकोळ नुकसान झाले. पुढच्या टप्प्याच्या तालमीत तर बुडालेली 'कागा'ही पुन्हा हजर झाली. मित्सुओ फुचिदा आणि मासाताके ओकुमिया या जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या पुस्तकात हा प्रसंग सांगितला आहे. ४ जूनच्या खऱ्या लढाईत जपानने या दोन नौकांसह चार विमानवाहू नौका गमावल्या.

३/
'फासा सांगत होता, पण उगाकींनी ऐकले नाही' असे या गोष्टीचे तात्पर्य बहुधा काढले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्रत्यक्षात मिडवे बेटावरून आलेल्या विमानांचा एकही बॉम्ब जपानी विमानवाहू नौकांना लागला नाही. त्या नौका संपवल्या अमेरिकी विमानवाहू नौकांवरून आलेल्या, सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांनी. म्हणजे 'नऊ बॉम्ब फार होतात' ही उगाकींची शंका कदाचित रास्तही असेल. चूक शंकेत नव्हती, वेळेत होती. नियमाविषयी शंका फासा टाकण्यापूर्वी घ्यायची असते.

४/
हीच कसोटी एका लहानशा, काहीशा हसण्यावारी नेल्या जाणाऱ्या छंदाला लावून पाहण्यासारखी आहे. टेबलावर हिरवे कापड, त्याखाली पुस्तके सरकवून केलेल्या टेकड्या, निळ्या पट्टीची नदी, आणि २८ किंवा १५ मिलिमीटर उंचीचे, हाताने रंगवलेले सैनिक. सहसा हा खेळ दोघांचा. परंतु जोडीदार नसलेले कितीतरी हौशी तो एकटे खेळतात आणि छापील नियम दोघांसाठी असल्याने स्वतःचे नियम स्वतःच लिहितात. दोन्ही सैन्ये त्यांचीच, पंचही तेच, आणि साक्षीदार कोणी नाही. प्रत्येक फाशागणिक असा खेळाडू उगाकींच्या खुर्चीत बसलेला असतो.

५/
या धाग्याचे म्हणणे एवढेच: अशा हौशी माणसाची नियमांची वही हे इतिहासलेखन आहे. ती चांगली असेल किंवा वाईट, पण तिचे मूल्यमापन इतिहास म्हणून व्हायला हवे. इतिहासाच्या तरुण वाचकाने तशी एक वही लिहून पाहिली, तर दहा वादविवादांत न मिळणारी शिस्त त्याच्या हाती लागेल.

६/
आधी थोडी पूर्वपीठिका. १८१२ मध्ये प्रशियातील रायस्विट्झ यांनी राजासमोर युद्धखेळाचे एक खास टेबल मांडले. त्यांच्या सैनिकी पेशातील मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले: १:८००० प्रमाणाचा नकाशा, फासे, आणि मध्ये पंच. यातील खरी नवलाई पंचाची. प्रत्येक पक्षाला फक्त तेवढेच दाखवायचे, जेवढे त्या सेनापतीला त्या क्षणी दिसले असते. बुद्धिबळात सारा पट दोघांनाही उघडा असतो. इथे सेनापतीचे अज्ञान हाच खेळाचा गाभा ठरला.

७/
हा खेळ छावणीतून घरात आला तो वेगळ्याच वाटेने. १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दावोस येथे प्रकृतीसाठी राहिलेले रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्यांचा सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न यांनी माळ्याच्या जमिनीवर खडूने नद्या, रस्ते, डोंगर काढले आणि कथिलाचे सैनिक हलवायला सुरुवात केली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा हा लेखक आपल्या मोहिमांच्या खोट्या वर्तमानपत्री बातम्याही लिहीत असे. लॉइड यांनी हा सारा वृत्तान्त स्टीव्हन्सन यांच्या मृत्यूनंतर, १८९८ मध्ये 'स्क्रिब्नर्स' मासिकात छापला.

८/
१९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांचे 'लिटल वॉर्स' आले आणि दिवाणखान्यातील या खेळाला सुटसुटीत नियम मिळाले. १९६२ मध्ये साउदॅम्प्टनचे फिजिओथेरपिस्ट डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 'वॉर गेम्स'ने आधुनिक छंदाचा पाया घातला. त्याच फेदरस्टोन यांनी १९७३ मध्ये एकट्याने खेळणाऱ्यांसाठी स्वतंत्र पुस्तक लिहिले. एकटेपणा ही खेळातली उणीव नसून तो खेळाचा निराळा प्रकार आहे, याला मिळालेली ती मान्यता होती.

९/
एकट्याच्या खेळातील पहिली अडचण ज्ञानाची. शत्रूची राखीव फौज टेकडीमागे आहे, हे खेळाडूला ठाऊक असते, कारण ती त्यानेच ठेवलेली असते. यावर उपाय पत्त्यांचा. टेबलावर दहा पत्ते पालथे मांडायचे. चारांवर खरी पलटण, सहा कोरे. जवळ गेल्याशिवाय पत्ता उलटायचा नाही. प्रशियात पंच जे करीत असे, ते इथे दहा पुठ्ठ्याचे तुकडे करतात.

१०/
दुसरी अडचण निर्णयाची. शत्रूने काय करावे, हे कोण ठरवणार? हौशी माणूस एक तक्ता आखतो: फाशात १ किंवा २ आले तर शत्रू जागेवर थांबेल, ३ किंवा ४ आले तर समोरून चढाई करील, ५ किंवा ६ आले तर बगल देईल. पण हा तक्ता सर्व सेनापतींना सारखा लागू करता येत नाही. सावध सेनापतीसाठी थांबण्याचे आकडे वाढवावे लागतात, धाडसी सेनापतीसाठी चढाईचे. हे करण्यासाठी तो माणूस खरोखर सावध होता की पराभवानंतर लोकांनी त्याला तसे ठरवले, याचा शोध घ्यावा लागतो. इथून पुढे खेळाडूला पुस्तके उघडावीच लागतात.

११/
मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण घेतलेले बरे. १४ जानेवारी १७६१. पानिपत. आपल्याकडे या एका दिवसाविषयी जितके 'जर-तर' बोलले जाते, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या दिवसाविषयी बोलले जात असेल. होळकर थांबले असते तर. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांपुढे आपलेच स्वार आले नसते तर. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर. बोलताना प्रत्येक 'तर' सोपा असतो. नियम लिहायला बसले की प्रत्येकाची किंमत मोजावी लागते.

१२/
समजा, खेळाडूने भाऊसाहेबांची बाजू घेतली आणि अब्दाली तक्त्यावर सोपवला. अब्दालीची राखीव फौज कधी सुटेल? 'दुपारनंतर' असा नियम लिहिला, तर खेळाडू दुपारपूर्वीच सारे उरकू पाहील; भाऊसाहेबांना उपलब्ध नसलेले ज्ञान तो वापरील. म्हणून प्रत्येक डावाला फासा: ६ आला तर राखीव फौज सुटेल, आणि वजीर शाहवलीखानाची मधली फळी खचू लागली असेल तर ५ वरही सुटेल. हा दीड ओळीचा नियम म्हणजे एक विधान आहे. अब्दाली घड्याळाकडे नव्हे, आपल्या मधल्या फळीकडे पाहत होता, असे ते विधान. ते चूक असू शकते. पण चूक ठरवता येईल इतके स्पष्ट आहे.

१३/
आता मल्हारराव होळकर. ते रणांगणातून निघून गेले, हे सर्वांना ठाऊक. का गेले, यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. मनातून लढायचेच नव्हते? लढाई हातची गेल्याचे पाहून उरलेली फौज वाचवली? की उपाशी घोड्यांत दमच उरला नव्हता? पहिले कारण मानले तर होळकरांच्या पथकांना हुकूम पाळण्यासाठी सकाळपासूनच अवघड फासा द्यावा लागेल. दुसरे मानले तर तो फासा विश्वासराव पडल्यानंतरच लागू होईल. तिसरे मानले तर तीच सूट गायकवाडांना, विंचूरकरांना, सर्वांनाच द्यावी लागेल, कारण उपासमार एकट्या होळकरांच्या तळावर नव्हती.

१४/
पट्टीच्या वक्त्याला ही तिन्ही कारणे एकाच वाक्यात वापरता येतात. वहीत तसे चालत नाही. एका सरदारावर दोष ठेवणारा नियम लिहिला की तो टेबलावर उघडा पडतो: याला दंड आणि त्याला सूट का? उत्तर पुराव्यातून आले तर ठीक; आडनाव, जात किंवा घराण्याच्या अभिमानातून आले असेल, तर लिहिणाऱ्याला ते लपवणे कठीण जाते. पानिपतावरील वादांत आज सर्वांत अधिक गरज याच गोष्टीची आहे.

१५/
मग तिसरी अडचण, सर्वांत मोठी. नियम लिहिले, लढाई मांडली, आणि मराठे पुन्हा हरले. त्या क्षणी हात फाशाकडे जातो. 'हा फासा टेबलाच्या कडेला अडकला होता, धरायचा नाही.' कोणी पाहत नसते. प्रामाणिक हौशी माणूस तिथे थांबतो, पराभव वहीत नोंदवतो, आणि नियम बदलायचा असेल तर पुढच्या खेळापूर्वी, कारण लिहून बदलतो. मनासारख्या न निघालेल्या कागदाशी इतिहासकाराने कसे वागावे, याचे याहून स्वस्त शिक्षण नाही.

१६/
एकच लढाई दहा वेळा खेळावी. दहाही वेळा मराठे जिंकले, तर वहीत अभिमान शिरला आहे. दहाही वेळा हरले, तर पश्चातबुद्धी शिरली आहे. जे घडले ते घडणारच होते, असे गृहीत धरून नियम लिहिले गेले आहेत. त्या सकाळी गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली होती आणि भाऊसाहेबांच्या हुजुरातीने वजिराची. निकाल ठरलेला नव्हता. एखाद्या चांगल्या वहीत तो न ठरलेलेपणा आकड्यांत दिसतो.

१७/
या छंदावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, माणसे मेली त्याचा खेळ करणे बरे नव्हे. आक्षेप हलका नाही. वेल्स यांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी स्वतःच त्याला तोंड दिले आहे: जमिनीवरील हे लुटुपुटीचे युद्ध तीन-चार वेळा खेळले, तरी मोठे युद्ध किती घोडचुकांचे प्रकरण असेल, याची कल्पना येते, असा त्यांचा आशय. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, हे खरे. युद्धखेळाने युद्धे थांबत नाहीत. पण तो रणांगणाचे गोडवे गाणाऱ्या भाषेपासून माणसाला थोडा दूर नक्कीच नेतो. फाशापुढे वीररस फार वेळ टिकत नाही.

१८/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मान्य करायला हवा. जे टेबलावर मांडले जात नाही, ते खेळात अस्तित्वातच नसते. पानिपतावरील बुणगे घ्या: बायकामुले, यात्रेकरू, बाजारकरी, नोकरचाकर. त्यांचे चिमुकले पुतळे कोणी रंगवत नाही. परंतु अन्न त्यांनाही लागत होते, फौजेची चाल त्यांच्यामुळे मंदावत होती, आणि गिलच्यांच्या तलवारीखाली व गुलामगिरीत तेही गेले. बुणग्यांविना पानिपताचे नियम लिहिणारा खेळाडू सुटसुटीत लढाई खेळेल. ती पानिपताची लढाई नसेल. मात्र हाच दोष कितीतरी छापील इतिहासांतही आहे. वहीत तो निदान एक कोरी रांग म्हणून दिसतो आणि भरून काढता येतो.

१९/
खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. परदेशी बनावटीचे धातूचे सैनिक महाग पडतात हे खरे, पण नियमांना पुतळ्यांची गरज नसते. पुठ्ठ्याचे चौकोन, शर्टाची बटणे, चिंचोके, रिकाम्या काड्यापेट्या, सारे चालते. महाराष्ट्रातील मुलांना तर हा पट परका नाहीच. दिवाळीत दगडमातीचा किल्ला उभारायचा, उतारावर हळीव पेरायचे, बुरुजावर मातीचे मावळे ठेवायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्या मावळ्यांची उंची तटाशी जुळत नाही आणि वाघ हत्तीएवढा असतो, म्हणून कोणाचे काही बिघडत नाही.

२०/
फरक इतकाच की, तो किल्ला कधी पडत नाही. मावळे चार दिवस जागेवर उभे राहतात आणि मग खोक्यात जातात. त्यांच्यासमोर एक वही उघडून पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहावेत: किल्ल्यात धान्य किती दिवसांचे आहे, मदतीची फौज कोणत्या फाशावर येईल, आणि कोणत्या क्षणी किल्लेदार वाटाघाटीला तयार होईल. उत्तरे शाईने लिहावीत. मग फासा टाकावा, आणि किल्ला पडला तर तारीख घालून तसे लिहून ठेवावे.

(धागा समाप्त)