दिसले नाही, हेही लिहा!

दिवाळीच्या सुट्टीत प्रवासाला गेलेली मंडळी परत येताना दोन गोष्टी हमखास आणतात: फोटोंची चवड आणि तिथल्या चहाबद्दलची तक्रार. पण थेट दक्षिण ध्रुवाकडे, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला जाणाऱ्या काही जहाजांवर हल्ली प्रवाशांकडून तिसरी एक गोष्ट मागून घेतात. ती म्हणजे नोंद.

हम्पबॅक जातीचा देवमासा बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूच्या काळ्यापांढऱ्या खुणा, आपल्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे, प्रत्येकाच्या निराळ्या. प्रवाशाने काढलेला फोटो तारीख व ठिकाण घालून 'हॅपीव्हेल' या २०१५ साली सुरू झालेल्या संग्रहाकडे धाडला, की तो जुन्या फोटोंशी ताडून पाहतात. मग अंटार्क्टिकाजवळ दिसलेलाच देवमासा कोलंबिया-इक्वेडोरच्या उबदार समुद्रात, विणीच्या जागी, पुन्हा ओळखू येतो. विसाव्या शतकात ज्यांची बेसुमार कत्तल झाली, ते आता कोठे व किती आहेत हे सांगायला शास्त्रज्ञांची चार जहाजे पुरत नाहीत. त्याला पुष्कळ डोळे लागतात.

आता यात एक मेख आहे. तेथे पेंग्विनपासून ५ मीटर दूर राहायचे, एका वेळी १०० हून अधिक माणसे उतरवायची नाहीत, असे नियम आहेत खरे. पण जहाज तेल जाळीतच जाते. बर्फ वितळते म्हणून हळहळायचे आणि ते पाहायला धूर सोडीत जायचे! एका फोटोने फार तर व्याज फिटेल, मुद्दल शिल्लकच.

मग हे मोजण्याचे काम घराजवळच केले तर? आम्हां कोल्हापूरकरांना राधानगरी काही लांब नाही. गव्यांसाठी दाजीपूरचे अभयारण्य १९५८ सालीच जाहीर झाले. वैशाखात पाणी आटते, जनावरे उरलेल्या पाणवठ्यांवर येतात आणि बुद्धपौर्णिमेचे चांदणे लख्ख असते. म्हणून त्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजण्याची प्रथा पडली. वनखाते नागरिकांना बोलावते, तेव्हा नाव नोंदवून आपल्यालाही जाता येते. एकच गवा दोन पाणवठ्यांवर मोजला जाऊ शकतो, त्यामुळे हा आकडा काही पक्का नव्हे. पण पाहणाऱ्याला यातून शिस्त लागते, आणि ती मोलाची आहे.

त्यातला सर्वांत अवघड धडा शून्याचा. रात्रभर जागून काहीच दिसले नाही, हे आपल्या शिकलेल्या माणसाच्या हातून लिहवत नाही. पाला सळसळला की त्याचा बिबट्या होतो! वास्तविक 'दिसले नाही' हीदेखील माहितीच. खोट्या बिबट्याने मात्र सगळा कागद वाया जातो.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो, आणि वहीत खोटी जमा मांडत नाही. वैशाखात मुलांना मचाणावर नेलेत, तर एवढे मात्र त्यांना आधी सांगून ठेवा.