इतिहास कोणाचा तपासायचा?

शिरूर आणि दौंड तालुक्यांना कर्जाच्या कागदाची दहशत नवी नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावी सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर देशमुखाचे घर घेतले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी उठले. गावोगाव कर्जरोख्यांच्या आणि हुकूमनाम्यांच्या होळ्या पेटल्या.

या उठावामुळे सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करणे भाग पडले. त्याचे मर्म आज विस्मरणात गेले आहे. रोख्यावर अंगठा दिसला की हुकूमनामा, ही रीत मोडून न्यायाधीशाने व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासावा, असे त्या कायद्याने सांगितले. मुद्दल किती, व्याज किती, हिशेब खरा की खोटा, याचा जाब सावकाराला द्यावा लागे.

आज रांजणगाव वा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार घरकर्जासाठी बँकेत गेला, की इतिहास फक्त त्याचाच तपासला जातो. २००५ च्या कायद्याखाली चालणाऱ्या पतमाहिती कंपन्या त्याला ३०० ते ९०० यांदरम्यान गुण देतात. त्यांतील सर्वपरिचित सिबिलची मालकी मुख्यत्वे अमेरिकेतील ट्रान्सयुनियन कंपनीकडे आहे. गुण कमी पडले तर कर्ज नाकारले जाते किंवा व्याज वाढते. ज्याचे खांदे दुबळे, त्याच्यावरच ओझे अधिक!

हप्ता चुकल्याची नोंद होते. तो का चुकला, याची होत नाही. ठेकेदाराने पगार रखडवला, चौदा दिवसांत द्यावयाचे उसाचे पैसे कारखान्याने अडवून ठेवले, तरी डाग लागतो तो श्रमिकाच्या नावाला. भिशीत, किराणा दुकानात वर्षानुवर्षे चोख केलेली फेड मात्र या दफ्तरात सापडत नाही.

ठेवीदारांचा पैसा बँकेने जपलाच पाहिजे. परंतु त्यासाठी मिळकत, नोकरी, घराची कागदपत्रे तपासण्याचे कष्ट घ्यावेत. परक्या कंपनीच्या एका आकड्यावर माणसाची लायकी ठरवू नये. केवळ पतइतिहास नाही म्हणून प्रथमच कर्ज मागणाऱ्यास नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा हवाला देऊन केंद्रीय अर्थखात्याने २०२५ मध्ये संसदेत सांगितले आहे. हे आश्वासन शाखाधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचवणे हे चळवळीचे काम आहे.

कर्ज नाकारल्यास लेखी कारण मागावे. पतअहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो प्रत्येक कामगाराला मिळवून द्यावा. चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास दररोज शंभर रुपये भरपाईचा हक्क आहे, तो बजावावा. आणि थकबाकीच्या नोंदीबरोबर थकवणाऱ्या मालकाची व कारखान्याची नोंद झालीच पाहिजे, ही मागणी गावोगावच्या सभांतून उठवावी. १८७९ मध्ये परकीय सरकारने जे तत्त्व मान्य केले, ते स्वतंत्र भारताच्या सरकारने नाकारण्याचे कारण काय?