वर्तुळ पडलं, पुढे काय?

कडुनिंबाची पानं मेथॅनॉलमध्ये भिजवायची, अर्क गाळायचा, जिवाणू पसरलेल्या अगर प्लेटवर त्याची चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीचं स्वच्छ वर्तुळ पट्टीनं मोजायचं. महाविद्यालयीन प्रकल्पांमधला हा नेहमीचा प्रयोग. प्रयोगाला हरकत नाही. हरकत आहे ती शेवटच्या वाक्याला: ‘सबब हा अर्क प्रतिजैविकांना पर्याय ठरू शकतो.’

वर्तुळातून एवढं निघत नाही.

एक तर वर्तुळाचा आकार नुसत्या मारकशक्तीवर ठरत नाही. पदार्थ अगरमध्ये किती झिरपतो, यावरही ठरतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, मग ते पसरणार कसं? दुसरं, मेथॅनॉल स्वतःच जिवाणूंना घातक. शेजारी नुसत्या मेथॅनॉलची चकती नसेल, तर जिवाणू पानांनी मारले की द्रावकानं, हे कळायला मार्ग नाही. तिसरा मुद्दा मात्रेचा. ई. कोलायच्या प्रमाणित वाणाची वाढ रोखायला मिलिलिटरमागे ०.०१६ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी सिप्रोफ्लॉक्सासिन पुरतं. अर्काला १ मिलिग्रॅम लागला, तर फरक ६०,००० पटींहून अधिक झाला.

यावर उत्तर येतं की, अर्क हे मिश्रण आहे, शुद्ध औषधाशी त्याची तुलना अन्यायाची. हे म्हणणं रास्त आहे. पण त्यातून चाचणी सैल करण्याची मुभा मिळत नाही, उलट ती अधिक बारकाईनं करावी लागते. दारुहळदीतलं पिवळंधमक बर्बेरिन घ्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या ‘नॉर-ए’ पंपानं ते पेशीबाहेर फेकतो, म्हणून एकटं बर्बेरिन दुबळं दिसतं. २००० साली फ्रँक स्टरमिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, दारुहळदीच्याच प्रजातीतली अमेरिकी झुडपं त्या पंपाला अडवणारा रेणूही बनवतात. तो रेणू स्वतः जिवाणू मारत नाही, पण तो सोबत असला की बर्बेरिन पेशीत साचत जातं. ‘झाडपाल्यात काय ठेवलंय’ म्हणणाऱ्यांनाही इथेच उत्तर मिळतं. घटक वेगळे करून, पुन्हा एकत्र करून तपासले, म्हणून ते मिळालं.

अशी शिस्त छोट्या प्रयोगशाळेलाही पाळता येते. वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पक्की करावी, द्रावकाची आणि माहीत असलेल्या प्रतिजैविकाची चाचणी सोबत लावावी, प्रयोग निदान तीनदा करावा. मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क दर खळग्याला निम्मा करत न्यावा आणि रेझाझुरिन घालावं. जिवाणू जिवंत असतील तिथे निळा रंग गुलाबी होतो. निळा राहिलेला सर्वांत पातळ खळगा जो आकडा देईल, तो अहवालात लिहावा, म्हणजे दुसऱ्या गावातला विद्यार्थीही तो पडताळू शकेल.