सदस्यसूचीचे मूल्यमापन : एक भाषिक अभिप्राय



उपयोजित मराठी म्हटले की जाहिरात, वृत्तलेखन आणि पत्रव्यवहार एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. संगणकीय साधनाची वापरपुस्तिका लिहिणे आणि त्या साधनाचे मूल्यमापन करणे हेही मराठीच्या अभ्यासकाचे काम आहे, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी मी मुद्दाम एक साधे उदाहरण घेतो : संकेतस्थळावर गटातील सदस्यांची सूची दाखविणारे सॉफ्टवेअर. नाव, छायाचित्र, पद आणि रुजू झाल्याचा दिनांक, एवढाच त्याचा पसारा.

काही वर्षांपूर्वी आमच्या बोलीसर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर असे साधन बसविण्यात आले. आम्ही २६ जण होतो. सूची पहिल्या नावाने लावलेली होती. वसई परिसरात क्षेत्रकार्य करणाऱ्या आमच्या एका सहकारी बाईंचे नाव 'ॲ' या अक्षराने सुरू होते. सूचीत त्या अगदी तळाशी, 'ह'च्याही खाली गेल्या. शोधचौकटीत त्यांचे नाव टाकले तर 'नोंद सापडली नाही' असे उत्तर येई. मानधनाची देयके तयार करणाऱ्या लिपिकाने त्या उत्तरावर विश्वास ठेवला आणि बाईंचे दोन महिन्यांचे मानधन अडकले. "सर, मी तुमच्या गटात आहे ना नक्की?" असे त्यांनी हसून विचारले. मला मात्र हसता आले नाही.

याचे कारण कोणाचा हलगर्जीपणा नव्हता; ते लिपीच्या संगणकीय मांडणीत होते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक असतो आणि साधे सॉफ्टवेअर त्या क्रमांकांनुसारच नावे लावते. 'ॲ' या चिन्हाला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, आणि तेही 'ह'नंतरच्या जागेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातील वर्णमालेत हे अक्षर स्वरांमध्ये आहे, पण यंत्राला तो निर्णय कोणी सांगितलेला नसतो. शिवाय हेच अक्षर 'अ' लिहून त्यावर चंद्र देऊनही टंकता येते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. बाईंची नोंद एका रूपात होती आणि लिपिकाने शोध घेतला तो दुसऱ्या रूपात.

आडनावाने सूची लावली तरी प्रश्न सुटत नाही. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडने त्याला 'ल'च्या शेजारी बसविले आहे. त्यामुळे आपल्या क्रमाने काशीकरांच्या नंतर यावयाचे काळे तेथे त्यांच्या आधी येतात. 'क्ष'चे प्रकरण थोडे निराळे आहे. शाळेत आपण तो वर्णमालेच्या शेवटी शिकतो, परंतु जोडाक्षर म्हणून त्याला 'क'च्या पोटात घेणेही तर्काला धरूनच आहे. क्षीरसागरांना कोठेही बसवा, माझी हरकत नाही. कोठे बसविले ते पुस्तिकेत लिहिलेले असावे, एवढीच अपेक्षा.

आणि नेमके तेच लिहिलेले नव्हते. छायाचित्राची चौकट गोल करावी की चौकोनी, यावर त्या पुस्तिकेने तीन पाने खर्च केली होती. नावांच्या क्रमाविषयी मात्र एक वाक्यही नव्हते. साधन कोणते निर्णय आपल्या वतीने परस्पर घेते, हे जी पुस्तिका सांगत नाही, तिला मी अपुरीच म्हणेन. मग तिची छपाई कितीही देखणी असो.

आता क्रियापदाकडे वळू. हे साधन प्रत्येक नावापुढे 'गटात सामील झाला' असे वाक्य आपोआप जोडत असे. आमच्यापैकी ११ स्त्रिया होत्या. मराठी क्रियापद लिंग आणि आदर दोन्ही वाहते, याचे भान मूळ आज्ञावली लिहिणाऱ्याला नसणे स्वाभाविक आहे; मराठी रूपांतर करणाऱ्याला ते असावयास हवे होते. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मिडियाविकी सॉफ्टवेअरमध्ये सदस्याला स्वतःसाठी व्याकरणिक लिंग निवडता येते आणि न निवडण्याचीही मुभा असते. इतकी सोय नसेल तर 'गटात समावेश :' असे लिहून पुढे दिनांक द्यावा. क्रियापदच टाळले की अडचण उरत नाही. ही पळवाट आहे, हे मान्य. पण 'झाला/झाली' अशा तिरक्या रेघेपेक्षा मला ती अधिक सभ्य वाटते.

नावाच्या रकान्यांचेही असेच आहे. 'नाव' आणि 'आडनाव' अशा दोनच चौकटी दिल्या तर मधले नाव कोठे लिहावयाचे? महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदीत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. ही मुले उद्या कोणत्या ना कोणत्या सूचीत येतीलच.

आपल्यापैकी अनेकजण पतसंस्थेत, शाळेत किंवा बचत गटात काम करीत असाल. तेथील संगणकावरची सदस्यसूची एकदा उघडून पाहा. 'ॲ', 'ळ' आणि 'ऱ्ह' असलेली नावे शोधा, ती दोन-तीन प्रकारे टंकून पाहा आणि जे आढळेल ते तारखेसह लिहून ठेवा.

आमच्या पुस्तिकेला पुढे मी एक पान जोडले. त्यात वर्णक्रम, टंकनाची दोन्ही रूपे आणि नाव न सापडल्यास काय करावे, हे सारे आले. बाईंनी ते वाचून एकच दुरुस्ती सुचविली : "सर, हे पान शेवटी नको, पहिले लावा. लिपिकाला शेवटच्या पानापर्यंत जायला वेळ नसतो." पान तसे लावले आहे.